मनूचा मासा आणि काचेची टाकी

विषय ऐकून काहींना हसू आले असेल. मालवणात मासा म्हटला की आधी ताट आठवते. इथे टाकीतल्या माशाचे काय ते व्याख्यान? पण घरात मासा पाळण्याला मोठा इतिहास आहे, आणि आज त्याचा शेवट आपल्या नद्यांपर्यंत येऊन ठेपला आहे. म्हणून हा विषय.

सुरुवात शतपथ ब्राह्मणापासून करू. सकाळी हात धुताना मनूच्या हातात एक लहानसा मासा येतो. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला पुरातून वाचवीन. आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो, तेव्हा आधी मला घड्यात ठेव. घडा पुरेना झाला की खड्डा खण. तोही पुरेना झाला की समुद्रात सोड. बघा, हा मासा आपण किती वाढणार ते पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. मनूने घेतली ती त्याच्या सगळ्या आयुष्याची जबाबदारी. बोटभर जीव हातात घेतला एवढेच ते नव्हते.

पुढे आपल्या मुलखात मासे राखले गेले ते तळ्यात आणि नदीच्या कोंडीत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, गळ, दोरी, सगळे तपशिलाने येते. महाडजवळ वाळणकोंड आहे. तिथले महाशीर देवीचे मानतात, त्यांना कोणी धरत नाही. राजाचा हेतू करमणुकीचा, वाळणचा श्रद्धेचा. पण दोन्हीकडे मासा राहिला तो त्याच्याच पाण्यात.

काच आली ती इंग्लंडातून. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. कोकणातून मुंबईला गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी ते पाहिले असेल. घरोघरी टाक्या आल्या, आणि त्याबरोबर एक नवी गोष्ट झाली. पूर्वी माशाला पुरेल असे पाणी शोधायचे. आता दिवाणखान्यात मावेल असा मासा शोधायचा!

आता रेडटेल कॅटफिश घ्या. मूळचा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांचा. दुकानात तो दोन-तीन इंचांचा असतो. लांब मिशा, पांढरा पट्टा, लालसर शेपूट, मोठा देखणा. पहिल्या वर्षातच तो फुटापलीकडे जातो. पुरता वाढला की चार फूट, वजन चाळीस किलोच्या पुढे. घरातली ‘मोठी’ टाकी म्हणजे चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात पाणी मावते सुमारे अडीचशे लिटर. चार फुटांचा मासा दीड फुटांत वळणार कसा? लोक म्हणतात, मासा टाकीच्या मापानेच वाढतो. हे खरे नाही. त्याची वाढ खुंटते ती घाण साचलेल्या पाण्याने आणि आजाराने.

अ‍ॅरिस्टॉटलला कॅटफिशचे मोठे कुतूहल होते. नर मासा अंडी राखत बसतो, हे त्याने लिहून ठेवले आहे. प्रत्येक वस्तूत तिची पुढची अवस्था शक्यतेच्या रूपाने असते, असेही तोच सांगतो. दुकानातल्या त्या पिशवीत चार फुटांचा मासा आधीपासूनच आहे. आपण पैसे मात्र दोन इंचांचे मोजतो.

मग एक दिवस दया येते. ‘सोडून देऊ या बिचाऱ्याला.’ इथेच आपली मनूशी फारकत होते. मनूने मासा समुद्रात सोडला, म्हणजे त्याच्या घरी. आपण अ‍ॅमेझॉनचा मासा कर्ली नदीत किंवा धामापूरच्या तलावात सोडला तर ते कोणाचे घर? उजनी धरणाकडे बघा. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा, काच साफ करतो म्हणून टाकीत ठेवतात तो, आज तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या खरखरीत कवचाने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला किंमत नाही. आफ्रिकन मागूर शेततळ्यांत आला आणि खादाड निघाला. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. लहान मासा ज्या गिळण्याला घाबरून मनूकडे आला होता, तो मत्स्यन्याय आपण दयेच्या नावाखाली नदीत नेऊन सोडतो.

आणि नदीत काय आहे, हे आपल्याला पुरते ठाऊक तरी आहे का? आपल्याच जिल्ह्यात, आंबोलीला, हिरण्यकेशीच्या उगमाशी माशाची एक नवी जात सापडली ती २०२० साली. इवलासा मासा, बोटाएवढाही नाही. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. इतकी वर्षे लोक तिथे दर्शनाला येत होते आणि तो मासा त्या पाण्यात होताच. अशा जागी एकच उपरा मोठा मासा पुरे.

तेव्हा ज्यांच्याकडे असा मासा आहे त्यांनी तो दुकानदाराला परत करावा, मोठे बंदिस्त तळे असलेल्या माणसाला द्यावा, नाहीतर मत्स्यव्यवसाय विभागाला विचारावे. नदीत सोडू नये. आणि ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी दुकानात किमतीच्या आधी विचारावे, हा पुरता वाढला की केवढा होतो? मनूच्या माशाने न विचारता सांगितले होते. हा सांगणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.