आळंदीची कार्तिकी

गाण्याच्या स्पर्धेतून गायक पुढे येणे ही काही आजची गोष्ट नव्हे. महेंद्र कपूर यांनी १९५७ च्या सुमारास मर्फी रेडिओवाल्यांची स्पर्धा जिंकली आणि मग त्यांचे नाव झाले. पुढे १९९६ साली दूरदर्शनच्या स्पर्धेतून सुनिधी चौहान आली. 'सारेगम'मध्ये गाणारी श्रेया घोषाल तर थेट २००२ च्या 'देवदास'मध्ये गायली. पण ही सारी मंडळी आपल्याला लांबची. शेजारच्या घरातली वाटावी अशी मुले टीव्हीवर दिसली ती २००८ मध्ये, झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' या कार्यक्रमात.

अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. गुण आकड्यांत नव्हे, तर स्वरांत देत. त्यामुळे 'नि' मिळाला की आमच्या चाळीत टाळ्या वाजत. शेवटच्या फेरीला पाच मुले पोहोचली. पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची चिमुकली मुग्धा वैशंपायन, आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड.

खरे सांगायचे तर आमच्या चाळीत आर्याचे पारडे जड होते. तिची आई शास्त्रीय गायिका. मुलीचा गळाही तसाच तयार. सुशिक्षित मंडळी तिच्या बाजूची, नाट्यगीताचे शौकीन प्रथमेशच्या. कार्तिकीचा आवाज खडा, मोकळ्या माळावरून हाक मारावी तसा. अभंग, गवळण तिच्या तोंडी शोभे. कोणी म्हणे, "गाते चांगली, पण सगळे एकाच धाटणीचे." मला काही ते पटले नाही. ज्ञानोबांच्या समाधीच्या गावात, गाण्याच्याच घरात वाढलेले पोर आणखी कसे गाणार? तिचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक व संगीतकार. तिचे शिक्षण त्यांच्याजवळच झाले. टीव्हीने तिला आवाज दिला नाही, तो आळंदीतच तयार झालेला होता. टीव्हीने तो आपल्या बैठकीच्या खोलीपर्यंत आणून पोहोचवला एवढेच. पण हे 'एवढेच' लहान नव्हे. असा आवाज एरवी सप्ताहात, दिंडीत ऐकायचा आणि घरी यायचे, अशी आपली रीत.

निकाल जनतेच्या मतांवर होता आणि मते मोबाईलवरून संदेशाने पाठवायची. त्या संदेशाला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडत. आमच्या ह्यांनी एकदा कुरकुर केली, पण दुसऱ्या दिवशी तेच रिचार्ज मारून आले!

फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी महाविजेती ठरली. त्या रात्री आमच्या जिन्यात बराच वेळ वाद चालला. मतांनी गाणे ठरते काय, असे कोणी म्हणाले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. मात्र हरलेली चारही मुले मागे पडली नाहीत, हेही खरे. २०२१ मध्ये तीच पाच जणे त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. आणि मुग्धा-प्रथमेशचे तर २०२३ मध्ये लग्नही झाले.

माझ्या सासूबाईंना बायकांनी चारचौघांत गाणे पसंत नव्हते. मी स्वयंपाकघरात गुणगुणले तरी त्या भांडे आपटीत. पण कार्तिकी गायला उभी राहिली की त्या वाती वळणे थांबवून ऐकत. निकालाच्या रात्री एवढेच म्हणाल्या, "बापाने पोरीला पुढे उभी केली हो." मग बराच वेळ गप्प होत्या.

त्या वर्षी आषाढीला आपल्या मंडळाचे भजन होते. मी नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळ बसले होते. सासूबाईंनी आपले टाळ माझ्या हातात दिले आणि मला पुढे सरकायला सांगितले. गळा इतका सुकला होता की पहिले कडवे कोणालाच ऐकू गेले नाही. दुसऱ्याला आवाज लागला.