हर्णे : कौले, चिरा आणि बांधकाम साहित्याचा परतीचा प्रवास

बांधकाम व्यवसायात पुरवठा साखळीचा विचार बहुधा एकाच दिशेने होतो. खाणीतून दगड व कारखान्यातून सिमेंट-सळया निघून कामाच्या जागी किती वेळात आणि किती खर्चात पोहोचतात, यावर तिची कार्यक्षमता मोजली जाते. इमारत पाडल्यानंतर तेच साहित्य पुन्हा उपयोगात आणण्याच्या व्यवस्थेला 'रिव्हर्स लॉजिस्टिक्स' किंवा परतीची पुरवठा साखळी म्हणतात. संज्ञा नवी असली तरी व्यवहार जुनाच आहे. दापोली तालुक्यात सुवर्णदुर्गासमोर वसलेले हर्णे बंदर आणि आसपासची गावे यांच्या घरबांधणीत तो सहज दिसतो.

कोकणातील जुने घर म्हणजे जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, वासे व वर कौले. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा पहारीने फारसा न तुटता सुटतो. लाकडाचे सांधे खाचा व खुंट्यांचे असल्यामुळे तेही उकलता येतात. कौल तर जोडलेलेच नसते. ते रिपेवर अडकवून ठेवलेले असते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे 'मंगलोरी' कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. पावसाळ्यापूर्वी ती उतरवून, फुटकी बाजूला काढून, चांगली पुन्हा चढवली जात. जुने घर मोडले की त्याचा चिरा गोठ्याला, वासे पडवीला आणि उरलेली कौले परसात रचून ठेवायची, ही रीत होती. तिच्यामागे पर्यावरणप्रेम नव्हते. साहित्य महाग होते आणि घाट उतरून किंवा समुद्रमार्गे आणावे लागे, एवढेच कारण.

सिमेंटने हा उलगडता येणारा सांधाच संपवला. काँक्रीटच्या घरातून परतीची वाट आज मुख्यत्वे सळईला उरली आहे. भंगारवाला ती वजनावर नेतो आणि जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत वितळून तिची पुन्हा सळई होते. सिमेंटमध्ये बसवलेला चिरा मात्र काढताना फुटतो. उरतो तो राडारोडा. तो भरावाला गेला तर ठीक, नाहीतर ओढ्यात किंवा खाडीकाठी पडतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ हर्णेच्या उत्तरेस, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. दापोली व मंडणगड तालुक्यांतील असंख्य घरांची छपरे उडाली. टाळेबंदीचे दिवस, पाऊस तोंडावर आणि कौले-पत्र्यांची मागणी एकाच वेळी सर्वांची. बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यावरच विसंबणे किती जोखमीचे असते, हे तेव्हा स्पष्ट झाले. परसातील जुन्या कौलांची रास हा अशा वेळी केवळ अडगळीचा ढीग राहत नाही. तो गावातलाच साठा असतो. पुरवठा साखळीच्या हिशेबात त्याची नोंद कोठेच होत नाही, हे विशेष.

कायद्याचे लक्ष मोठ्या बांधकामांकडे आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन राडारोडा करणाऱ्यांवर वर्गीकरणाची व आराखड्याची विशेष जबाबदारी टाकली. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांतील विस्तारित उत्पादक जबाबदारी २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी आहे. हर्णेतील एखादे घर या मापात बसणे कठीणच. मुंबईत २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कचराभूमीच्या प्रश्नावरून नव्या बांधकामांना लगाम घातला होता. तसा दबाव गावात येत नाही.

राडारोड्यावर प्रक्रिया करणारे महापालिकेचे प्रकल्प मुंबईच्या परिसरात आहेत. दगडमातीसारखा जड आणि स्वस्त माल दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर नेल्यास वाहतूकच मालापेक्षा महाग पडते. त्यामुळे येथे उपाय जवळचाच हवा. भारतीय मानक ३८३ ने २०१६ पासून साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत पुनर्वापरित खडी मान्य केली आहे. एम-१५ हून कमी प्रतीच्या कामाला ती पूर्णपणेही चालते. पायाखालचा थर हे गावातले नित्याचे काम याच शेवटच्या वर्गात मोडते. तालुक्याच्या पातळीवर एक फिरते खडीयंत्र आणि कौले, चिरे, लाकूड वेगळे रचण्यापुरती जागा एवढ्यावर त्याची सुरुवात होऊ शकते. सिमेंट उतरवून रिकामा परतणारा ट्रक दापोलीच्या चढावर जातच असतो.