मीठ, पाव आणि पॅसेंजर गाडी

सातवीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला तास. सुरतेच्या लिंबायतमधल्या तुमच्या मराठी माध्यमाच्या शाळेच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू आहेत. त्यांचा खडखडाट इतका सवयीचा की वीज गेली तर मुलं शांततेनेच दचकतात. तुम्ही फळ्यावर लिहिलंय : ‘सामाजिक बदल : प्रकार व कारणे’. खाली दोन रकाने. डावीकडे उत्क्रांती, क्रांती, सुधारणा. उजवीकडे विचार, अर्थकारण, तंत्रज्ञान, लोकसंख्या, निसर्ग. मुलांनी सगळं वहीत उतरवून घेतलंय. पाठ करतील, परीक्षेत लिहितील, मे महिन्यात विसरतील.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा हात वर करतो. “मॅडम, पण बदल होताना दिसतो का?”

तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडता आणि लूम थांबतात. वीज गेलेली नाही. भिंतच गेलीय.

समोर तापी, काठावर किल्ला, शहरावर धुराचे लोट. वर्गातल्या कुणाला काही सांगावं लागत नाही. “शिवाजी महाराज!” अख्खा वर्ग ओरडतो. जानेवारी १६६४. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलाय आणि वीरजी व्होरासारख्या सावकारांच्या वाड्यांपुढे मावळे उभे आहेत. तुम्ही कुणाला दिसत नाही, हे मुलांनी लगेच ओळखलंय; दोघं तर एका घोड्याच्या पोटाखालून जाऊन आले. इथून त्यांना हलवणं कठीण. मराठी शाळेतल्या मुलांना सुरत म्हटलं की हेच आठवतं. गल्लीतल्या गुजराती मित्रांशी याच विषयावरून त्यांची भांडणंही होतात.

“इथे काय बदललं?” तुम्ही विचारता.

“लूट झाली.”

“ते घडलं. बदललं काय?”

उत्तर येत नाही, कारण ते इथे उभं राहून दिसणारच नाही. १६६८ मध्ये मुंबई बेट इंग्रज कंपनीच्या हाती येईल. १६७० मध्ये सुरत पुन्हा लुटली जाईल. १६८७ मध्ये कंपनी आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवेल. मुघलांची सत्ता खिळखिळी होईल, नदीच्या मुखाशी गाळ साचत जाईल आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजं जिथून सुटायची त्या बंदरातली गर्दी हळूहळू विरळ होईल. शंभर-सव्वाशे वर्षांचं हे काम. त्यातल्या कुठल्याही एका सकाळी उठून सुरतेचा माणूस म्हणाला नसेल की आज आपलं शहर मागे पडलं.

मुलं महाराजांना पाहायला मागे वळतात. तेवढ्यात उजेड बदलतो.

जून १८४४. पावसाळ्याच्या तोंडावरचा उकाडा. अंगणात मुलं धूळपाटीवर बोटाने आकडे गिरवतायत. तुमच्या वर्गातली एक मुलगी वाकून एका आकड्यावर फुंकर मारते आणि तो पुसला जातो, तेव्हा ती घाबरून मागे सरते. शहरात काही ठिकाणी अजून जळके चौथरे आहेत. सात वर्षांपूर्वी, १८३७ मध्ये, मोठी आग लागली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. सुरत आता श्रीमंत राहिलेली नाही. पण इथे सरकारी शाळा आल्या आहेत, शिळाछापखाना आलाय, आणि पगारावर जगणारे काही तरुण मास्तर आलेत. तुमच्या फळ्यावरच्या उजव्या रकान्यात ‘पगारी मास्तर’ नाही. असायला हवा होता.

त्यातले दोघं पाहा. पस्तिशीच्या आतबाहेरचे दुर्गाराम मंछाराम, ज्यांना सारं शहर मेहताजी म्हणतं. आणि तिशीचे दादोबा पांडुरंग तर्खडकर, मुंबईहून इथल्या इंग्रजी शाळेवर आलेले. “हे मराठीच्या व्याकरणाचं पुस्तक लिहिणारे,” तुम्ही सांगता. “१८३६ साली छापलं. लोक पुढे यांना मराठीचे पाणिनी म्हणतील.”

“म्हणजे विभक्ती यांच्यामुळे?” मागच्या रांगेतून कुरकुर येते.

हो, काही अंशी यांच्यामुळेच.

२२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा काढली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास. सगळ्यांची नावं ‘द’ने सुरू होणारी, हे तुमच्या मुलांच्या तुमच्याआधी लक्षात येतं. सभेत काय चाललंय ते ऐका. देव एक, माणसाची जात एक, माणसाची किंमत कुळावरून नाही तर गुणावरून करावी, आणि कुठलीही गोष्ट विवेकाला विचारून करावी. विधवांनी पुन्हा लग्न का करू नये, हाही प्रश्न इथे निघतो. मंत्राने भूत उतरवणाऱ्यांना दुर्गाराम उघड आव्हान देतात : सगळ्यांसमोर करून दाखवा. मुलांना हे फार आवडतं. भूत उतरवणारा एखादा बाबा त्यांच्याही गल्लीत आहे.

तुम्हाला मात्र सभा संपल्यावरचा क्षण जास्त बोलका वाटतो. माणसं उठतात, जोडे घालतात आणि आपापल्या गल्लीत, आपापल्या जातीच्या पंगतीत परत जातात. जातीविरुद्ध बोललं गेलं. जात मोडून कुणी दाखवली नाही. वाळीत टाकलं तर लग्नं अडतील, खांदा द्यायला माणूस मिळणार नाही. ही भीती त्या पाच जणांनाही होती आणि त्यांना त्याबद्दल नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला, आणि सभा बंद पडली.

“म्हणजे फेल,” मुलं निकाल देतात.

थांबा जरा. आधी सभेच्या त्या जूनपासून दोनच महिने पुढे या.

तेच शहर, ऑगस्ट १८४४. दुकानं बंद, रस्त्यावर ही गर्दी. कंपनी सरकारने मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केलाय. बदल्यात शहरातल्या काही जकाती उठवल्या आहेत, म्हणजे व्यापाऱ्याला सूट आणि भार सगळ्यांच्या ताटावर. तुम्ही मुलांना तिथेच गणित घालता : मणाचे चाळीस शेर, आण्याच्या बारा पै, तर शेरामागे वाढ किती? वहीत भागाकार होतो. दोन पूर्णांक चार दशांश पै.

“एवढ्याशासाठी?”

एवढ्याशासाठीच. पण मासे खारवणारा कोळी, चामडं कमावणारा, दोन वेळच्या भाकरीबरोबर मिठाशिवाय दुसरं काही नसणारा, हे सगळे त्या दोन पैंत अडकले आहेत. मानवधर्म सभेत बसायला वाचता यायला हवं, निदान फुरसत हवी. मिठाच्या दंग्यात यायला फक्त जीभ पुरते. गोऱ्यांवर दगड पडतात, फौज येते, आणि शेवटी सरकारला ती वाढ कमी करावी लागते. चार वर्षांनी, १८४८ मध्ये, सरकार नवी वजनंमापं लादू पाहील. तेव्हा सुरतेचे लोक दगड उचलणार नाहीत, नुसते व्यवहार बंद ठेवून बसतील, आणि सरकार तेव्हाही मागे हटेल.

“हे पास,” मुलं म्हणतात.

म्हणोत बापडी. तुम्ही त्यांना घेऊन मुंबईत, १८४९ मध्ये. एक बंद खोली, दिव्याची वात बारीक केलेली. ही जातपात मोडू पाहणारी परमहंस सभा. दादोबा इथेही आहेत. सभासद व्हायचं तर भाषण करून भागत नाही. समोर ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा ठेवलाय, तो तोंडात घालायचा. एक तरुण तो हातात घेतो. नीट बघा, त्याचा हात थरथरतोय. तुमच्या वर्गातल्या मुलांना काही कळत नाही; रोज सकाळी ती चहात पाव बुडवून शाळेत येतात. पण त्या तरुणाला वाटतंय की हा घास गिळला की आई, काका, सारं गाव तुटलं. तो चावतो. गिळतो. कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण बाहेर आवाज जाता कामा नये.

१८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि ही सभाही मोडली. पुन्हा ‘फेल’. पण १८६७ मध्ये दादोबांचेच भाऊ, डॉक्टर आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाज काढतील, उघडपणे, पाटी लावून. पुढे रानडे आणि भांडारकर त्यात येतील. सुरतेत नुसतं बोललं गेलं, मुंबईत चोरून खाल्लं गेलं, मग दार उघडलं. तेवीस वर्षं लागली. आणि मिठाचं म्हणाल तर तेव्हाच्या सुरत जिल्ह्याच्याच किनाऱ्यावर, दांडीला, ६ एप्रिल १९३० रोजी एक म्हातारा वाकून मूठभर मीठ उचलेल. १८४४ च्या त्या पावसाळ्यात एकाच गावात दोन्ही बिया पडल्या होत्या. कोणती क्रांती, कोणती सुधारणा, हे डाव्या रकान्यात भरायला तुमचा वर्ग आता कचरतोय. कचरू द्या.

“मॅडम, आते कथा?” अहिराणीत प्रश्न येतो. मुलं दमली आहेत.

आता स्टेशनवर. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वेचे रूळ सुरतेहून नंदुरबार, अमळनेरकडे पडले. ते खानदेशचा कापूस आणायला होते. माणसं आणायचा कुणाचा बेत नव्हता. पुढे पाऊस हुकला, शेत भावाभावांत वाटून वाटून एवढंसं उरलं, आणि इकडे लूम वाढले, तसं माणसांनी ते रूळ वापरले. तापी जिथून वाहत येते तिथूनच तुमचा अर्धा वर्ग आलाय.

पण सप्टेंबर १९९४ मध्ये याच रुळांवरची पॅसेंजर गाडी उलट्या दिशेला भरून चाललीय. पूर ओसरल्यावरचा चिखल, कचरा, मेलेली जनावरं, आणि शहरात एकच शब्द : प्लेग. लाखो लोक पळतायत. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मेडिकलमधून संपल्या आहेत. फलाटावरच्या गर्दीत तुम्हाला एक माणूस दिसतो, नाकाला ओला रुमाल बांधलेला, खांद्यावर पाच वर्षांची मुलगी. तिच्या मुठीत एक चप्पल आहे, दुसरी गर्दीत गेली. ती मुलगी तुम्ही आहात. मुलांना हे सांगावं की नाही, तुमचं ठरत नाही. तुम्ही सांगत नाही.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून येतील. अधिकाऱ्यांना थंड खोल्यांतून उठवून रोज रस्त्यावर उभं करतील, अतिक्रमणं पाडताना मोठ्यांचीही गय करणार नाहीत, आणि १९९६ मध्ये हेच शहर देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरेल. रोगामुळे की माणसामुळे की भीतीमुळे? वर्गात तीन तट पडतात. भांडण रंगात आलेलं असताना लूमचा खडखडाट परत सुरू होतो.

भिंत जागेवर आहे. फळ्यावर दोन रकाने. तास संपायला चार मिनिटं.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभाच आहे. “मॅडम, आजी सांगते, आम्ही दोनच वर्षांसाठी आलो होतो. पैसे जमले की शिरपूरला परत.”

“कधी आले होते?”

“पप्पांच्या जन्माआधी.” तो फळ्याकडे बघत राहतो, मग पुढे येऊन हात पसरतो. “खडू द्या ना. हे कुठल्या रकान्यात लिहू?”