जनुक-शमन आणि कीडप्रतिकारक्षम पिके

किडीच्या शरीरातले एखादे अत्यावश्यक जनुक तिच्याच खाद्यातून निष्प्रभ करणारी वनस्पती तयार करण्याच्या तंत्राला वनस्पतिद्वारा जनुक-शमन म्हणतात. अशा वनस्पतीच्या पेशींत किडीच्या निवडक जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए तयार होतो. कीड पान, मूळ किंवा बोंड खाते, तेव्हा हा आरएनए तिच्या आतड्यात उतरतो, पेशींत शिरतो आणि त्या जनुकाचा संदेश तोडून टाकतो. जनुक जागच्या जागी राहते, पण त्यापासून बनणारे प्रथिन बनेनासे होते. बीटी कापसापेक्षा हा मार्ग मुळातच वेगळा आहे. बीटी पिकात जिवाणूपासून घेतलेले, किडीला विषारी असे प्रथिन असते. जनुक-शमनात वनस्पती किडीविरुद्ध कोणतेही नवे प्रथिन बनवत नाही.

या तंत्राचा पहिला धागा एका फुलझाडापाशी सापडतो. पेटुनियाची जांभळी फुले आणखी गडद व्हावीत म्हणून कॅरोलिन नापोली, रिचर्ड जॉर्गेनसन व सहकाऱ्यांनी रंगद्रव्य घडवणाऱ्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली. फुले गडद होण्याऐवजी कित्येक झाडांवर पांढरी किंवा पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांची उमलली. जादा प्रतीने मूळ जनुकालाही गप्प केले होते. हे निरीक्षण १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, मात्र त्याचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षे गेली. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म सूत्रकृमीवरील प्रयोगांतून दाखवले की जनुक गप्प करणारा खरा घटक दुपदरी आरएनए असतो. एकपदरी आरएनएचा परिणाम त्यामानाने फारच क्षीण असतो. या क्रियेला आरएनए हस्तक्षेप हे नाव मिळाले आणि २००६ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना देण्यात आले.

पेशीच्या दृष्टीने दुपदरी आरएनए ही घुसखोराची खूण असते, कारण अनेक विषाणूंच्या वाढीत तो तयार होतो. तो दिसताच डायसर नावाचे विकर त्याचे सुमारे २१ अक्षरी तुकडे करते. हे तुकडे आर्गोनॉट प्रथिन असलेल्या संकुलात बसतात. तुकड्याचा एक पदर गळून पडतो आणि उरलेला पदर वाटाड्याचे काम करतो: त्याच्याशी जुळणारा संदेशवाही आरएनए शोधून संकुल तो कापते. वनस्पती आणि सूत्रकृमी हे तुकडे वापरून आणखी आरएनए तयार करतात, त्यामुळे थोड्याशा मात्रेने सुरू झालेला परिणाम वाढत जातो. कीटकांत ही वाढ घडवणारे विकर सहसा आढळत नाही. म्हणून किडीला पुरेसा दुपदरी आरएनए खाद्यातून मिळत राहणे आवश्यक ठरते, आणि वनस्पतीकडूनच तो पुरवण्याची कल्पना येथूनच आकाराला येते.

पिकात हा गुण आणण्यासाठी किडीच्या जनुकाचा एक तुकडा दोनदा, पण परस्परविरुद्ध दिशांनी जोडला जातो. त्यावरून उतरलेला आरएनए स्वतःवरच दुमडून केसात खोचायच्या आकड्यासारखा होतो आणि दुपदरी बनतो. ही रचना ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूच्या मदतीने किंवा अन्य मार्गाने वनस्पतीच्या पेशीत घालतात. लक्ष्य म्हणून असे जनुक निवडतात, ज्यावाचून कीड जगू शकत नाही किंवा वाढू शकत नाही.

हे वनस्पतीमार्फत साधता येते, हे २००७ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांनी दाखवले. मॉन्सँटो आणि देवजेन या कंपन्यांच्या संशोधकांनी मक्याच्या मुळांवरील अळीचे पेशीतील आम्लता सांभाळणारे जनुक गप्प केले. असा मका लावल्यावर मुळांचे नुकसान स्पष्टपणे घटले. चीनमधील संशोधकांनी हिरव्या बोंडअळीवर काम केले. कापसाच्या झाडात गॉसिपॉल हे नैसर्गिक विष असते आणि ही अळी ते एका विशिष्ट विकराच्या बळावर पचवते. त्या विकराचे जनुक गप्प करणारी पाने खाल्लेल्या अळ्यांना गॉसिपॉल सोसेना आणि त्यांची वाढ खुंटली. हा दुसरा मार्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. त्यात किडीला थेट मारले जात नाही; झाडाच्या स्वतःच्या संरक्षणाविरुद्ध किडीने कमावलेली ढाल तेवढी काढून घेतली जाते.

शेतापर्यंत प्रथम पोचला तो मका. मक्याच्या मुळांवर जगणारी अळी ही अमेरिकेच्या मका पट्ट्यातली सर्वांत खर्चिक कीड मानली जाते. तिचे भुंगेरे मक्याच्या रानातच मातीत अंडी घालतात आणि पुढच्या हंगामात अळ्या नव्या मुळांवर तुटून पडतात. मुळे कुरतडलेले झाड वाऱ्याने कलते, मग वर उठू पाहते, आणि त्याचा बुंधा हंसाच्या मानेसारखा वाकलेला राहतो. पीक फेरपालट हा जुना आणि खात्रीचा उपाय होता, पण इलिनॉय परिसरात ही कीड सोयाबीनच्या रानातही अंडी घालू लागली. पुढे आयोवात बीटी प्रथिनालाही ती दाद देईनाशी झाली. तिच्या स्नफ७ या जनुकाविरुद्धचा २४० अक्षर-जोड्यांचा दुपदरी आरएनए असलेल्या मक्याला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जून २०१७ मध्ये मान्यता दिली. स्मार्टस्टॅक्स प्रो नावाच्या या बियाण्यात त्याच्या जोडीला बीटी प्रथिनेही आहेत. त्याची व्यावसायिक लागवड २०२२ मध्ये सुरू झाली. आरएनएचा परिणाम दिसायला कित्येक दिवस लागतात, कारण पेशीत आधीच बनलेले प्रथिन संपेपर्यंत अळी तग धरते.

मक्याच्या या अळीवर किमान ६० अक्षर-जोड्यांचा आरएनए लागतो. त्याहून आखूड तुकडे तिच्या आतड्याच्या पेशी नीट शोषत नाहीत. अडचण अशी, की वनस्पतीचे स्वतःचे डायसर लांब आरएनएचे आधीच बारीक तुकडे करून टाकते. त्यावर २०१५ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थांच्या संशोधकांनी नामी तोड काढली. हरितलवकात डायसर नसते, म्हणून त्यांनी बटाट्याच्या हरितलवकातच दुपदरी आरएनए तयार करवला. तेथे तो अखंड राहिला, आणि ही पाने खाणाऱ्या कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या अळ्या पाच दिवसांत मेल्या. केंद्रकात तीच रचना घातलेल्या झाडांना मात्र फारसे संरक्षण मिळाले नाही.

तंत्राचे यशापयश झाडापेक्षा किडीच्या पोटावर अधिक अवलंबून असते. भुंगेरेवर्गीय किडी आरएनएला फार संवेदनशील असतात. पतंगवर्गातील अळ्यांवर त्याचा परिणाम बेभरवशाचा असतो: त्यांच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी असतो, आरएनए फोडणारी विकरे मुबलक असतात, आणि जो आरएनए पेशीत शिरतो तोही बराचसा पेशीतल्या पिशव्यांतच अडकून पडतो. रसशोषक किडींच्या लाळेतही अशी विकरे असतात. तरीही पांढऱ्या माशीविरुद्ध तंबाखूत (२०१४) आणि हिरव्या बोंडअळीविरुद्ध टोमॅटोत (२०१६) भारतीय संशोधकांनी प्रयोगपातळीवर आशादायक परिणाम मिळवले. यांपैकी दुसरे काम दिल्ली विद्यापीठातले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथेच आहे, कारण येथील कापूस उत्पादकाला नाडणाऱ्या बोंडअळ्या पतंगवर्गातल्या. बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला. पुढच्या दीड दशकात गुलाबी बोंडअळीने त्यातल्या बीटी प्रथिनांवर मात केली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या हातचे पीक गेले. ही अळी फुलाच्या पाकळ्या धाग्याने आतून बांधते. न उमललेले असे फूल म्हणजे शेतकऱ्याच्या बोलीतली डोमकळी. अंड्यातून निघताच ती बोंडात शिरून सरकी पोखरते, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही आणि बोंड फुटल्यावर हाती डागाळलेली कवडी येते. किडीच्या तोंडी जाणाऱ्या प्रत्येक घासात असलेले संरक्षण अशा किडीवर सर्वाधिक उपयोगी पडावे, पण नेमक्या याच वर्गातल्या अळ्यांचे पोट या तंत्राला अवघड जाते. चिनी व अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये कापसात बीटी प्रथिन आणि हिरव्या बोंडअळीच्या बालसंप्रेरकाशी निगडित जनुकांविरुद्धचा आरएनए एकत्र आणला. त्यामुळे प्रतिकारक्षमता येण्याची गती मंदावते असे दिसले. एकट्या आरएनएवर भिस्त ठेवण्यापेक्षा ही जोडी अधिक समंजस वाटते.

किडी आरएनएलाही प्रतिकार करू शकतात. मक्याच्या अळीची प्रयोगशाळेत निवडलेली एक जमात २०१८ मध्ये नोंदवली गेली. तिच्या आतड्याच्या पेशी दुपदरी आरएनए आत घेईनाशा झाल्या होत्या, त्यामुळे स्नफ७ खेरीज इतर जनुकांविरुद्धचा आरएनएही तिच्यावर निष्प्रभ ठरला. लक्ष्य-जनुक बदलून हा प्रश्न सुटत नाही. कडेने बिगर-बीटी ओळी लावणे, फरदड (हंगामानंतर तेच पीक पुढे राखणे) न ठेवणे, पीक फेरपालट ही जुनी शिस्त म्हणूनच येथेही तितकीच गरजेची राहते.

सुरक्षिततेच्या बाबतीत या तंत्राची जमेची बाजू मोठी आहे. आरएनए प्रत्येक ताज्या अन्नात असतो आणि पचनात मोडून जातो. मक्यातला स्नफ७ आरएनए मातीत साधारण दोन दिवसांत विघटित होतो. अक्षरक्रम जुळला तरच संदेश तुटतो, म्हणून लक्ष्याची निवड अचूक असल्यास मधमाशीला धक्का न लावता नेमकी कीड गाठता येते. स्नफ७ चा परिणाम चाचण्यांत किडीच्या जवळच्या नात्यातल्या भुंगेऱ्यांपुरताच आढळला. मात्र जवळच्या नात्यातले कीटक सगळेच शत्रू नसतात. भारतीय शिवारातले ढालकिडे, क्रायसोपा यांसारख्या मित्रकिडींचे जनुकक्रम तपासल्याशिवाय येथे लक्ष्य ठरवणे योग्य होणार नाही.

झाडात जनुकीय बदल न करता दुपदरी आरएनए फवारण्याचा मार्गही खुला झाला आहे. कोलोरॅडो भुंगेऱ्याविरुद्धच्या लेडप्रोना या फवाऱ्याला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र बोंडात किंवा मुळात दडलेल्या अळीपर्यंत तो पोचू शकत नाही. तेथे आरएनए झाडातूनच मिळावा लागतो. भारतात जनुक-शमनावर आधारित कीडप्रतिकारक्षम पीक अद्याप शेतकऱ्यांच्या हाती आलेले नाही. तसे पीक आणायचे तर बीटी पिकांप्रमाणेच जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागते.