वनस्पतिज तंतुप्रबलित प्लॅस्टिकांचे अग्निरोधन

ताग, अंबाडी, जवस, घायपात, केळी इ. वनस्पतींच्या तंतूंनी बळकटी आणलेली प्लॅस्टिके सहजी पेटू नयेत व लागलेली आग मंद पसरावी, यासाठी त्यांवर करण्यात येणाऱ्या संस्कारांना अग्निरोधन म्हणतात. काचतंतूंपेक्षा हे तंतू हलके असतात. परंतु काच जळत नाही, तर वनस्पतिज तंतू स्वतःच इंधन ठरतो. त्यामुळे इमारती व रेल्वेचे डबे यांतील त्यांच्या वापरापुढे आगीचा प्रश्न प्रामुख्याने उभा राहतो.

असे तंतू मराठवाड्याला नवे नाहीत. ज्वारीच्या शेतात अंबाडीच्या ओळी घेण्याची तेथे जुनी पद्धत असून देवणी गोवंशाचे मूलस्थान असलेल्या देवणीसारख्या (जि. लातूर) भागात दोर, कासरे व दावी यांसाठी अशा तंतूंचा परंपरेने उपयोग होई. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. घड उतरविल्यावर उरणाऱ्या केळीच्या खोडापासूनही तंतू मिळतात.

तंतूंचे अग्निरोधन प्लॅस्टिकांहून जुने आहे. ओबादाया वाइल्ड यांनी १७३५ मध्ये तुरटी, टाकणखार इत्यादींच्या मिश्रणासाठी इंग्लंडमध्ये एकस्व घेतले. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्ये अमोनियमाची फॉस्फेट व क्लोराइड लवणे आणि टाकणखार यांची उपयुक्तता दाखविली. पुढे बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल–फॉर्माल्डिहाइड रेझीन तयार केले. ते वितळण्याऐवजी कोळशात रूपांतरित होत असल्याने आगीत तुलनेने टिकते. पूर्व जर्मनीतील ‘ट्राबांट’ या मोटारगाडीचे (१९५७–९१) बाह्य पत्रे अशा रेझिनात कापसाचे तंतू घालून बनवीत. पॉलिप्रोपिलिनासारखी प्लॅस्टिके मात्र वितळून जळतात.

सु. ३००° से.च्या पुढे सेल्युलोजाचे जलद विघटन होऊन ज्वालाग्राही बाष्पे निर्माण होतात. फॉस्फरसयुक्त संयुगांमुळे सेल्युलोजातील पाणी निघून जाते, बाष्पे घटतात व कोळसा वाढतो. हा कोळसाच आतील भागाचे कवच बनतो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तापल्यावर पाणी सोडून पदार्थ थंड ठेवते. परंतु ते मोठ्या प्रमाणात घालावे लागत असल्याने बळकटी घटते. ब्रोमीनयुक्त संयुगे प्रभावी असली, तरी त्यांपैकी काही पर्यावरणात दीर्घकाळ टिकून सजीवांच्या शरीरात साठतात. म्हणून २००९ पासून स्टॉकहोम करारान्वये अशा काही संयुगांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या माटुंगा भागातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत (स्थापना १९२४) झालेले कार्य उल्लेखनीय आहे. २०१० नंतरच्या दशकात तेथील संशोधकांनी केळीच्या खोडाचा रस अल्कधर्मी करून सुती कापडावर वापरला. त्यामुळे कापडाचा ऑक्सिजन निर्देशांक, म्हणजे ज्वलन चालू राहण्यास हवेत आवश्यक असलेले ऑक्सिजनाचे किमान शेकडा प्रमाण, १८ वरून सु. ३० झाला. सामान्य हवेत हे प्रमाण सु. २१ असते. रसातील फॉस्फेट व अन्य खनिज लवणे या परिणामास कारणीभूत मानली जातात.

तथापि कापडावरील यश प्लॅस्टिकाला जसेच्या तसे लागू पडत नाही. लवणे ओलावा शोषून तंतू व रेझीन यांमधील बंध क्षीण करू शकतात. शिवाय तंतू सुरक्षित झाला, तरी भोवतालचे रेझीन पेटू शकते. म्हणून तंतू, रेझीन व अग्निरोधक या तिहींचा एकत्रित विचार करून ज्वलनाबरोबरच धूर, विषारी वायू व बळकटी यांचीही परीक्षा करावी लागते. शेतात टाकाऊ ठरणाऱ्या खोडाला स्थायी मोल मिळणे या परीक्षांवर अवलंबून आहे.