सावरकरांचं घर नेमकं कुठलं? भगूरचा वाडा की नाशिकची तिळभांडेश्वर गल्ली?

28 मे आला की भगूरच्या सावरकर वाड्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. विनायक दामोदर सावरकरांचा जन्म 1883 साली भगूरचाच. देवळाली कॅम्पजवळच्या या गावातला वाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. पण त्यांचं राजकारण आकाराला आलं ते नाशिक शहरातल्या तिळभांडेश्वर गल्लीत. आणि सावरकर कुटुंब तिथे आलं ते प्लेगमुळे.

आई राधाबाई 1892 मध्येच कॉलऱ्याने गेल्या होत्या. 1899 मध्ये प्लेगने वडील दामोदरपंतांना गाठलं. थोरले बाबाराव आणि धाकटा नारायणही आजारी पडले, पण वाचले. मग भावंडांनी नाशिकलाच बिऱ्हाड केलं. घर चालवायला बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी होत्या.

म्हसकर आणि पागे या दोन मित्रांसोबत सावरकरांनी आधी एक गुप्त गट काढला होता. 1 जानेवारी 1900 ला त्याची उघड शाखा म्हणून 'मित्रमेळा' सुरू झाला. वरवर पाहिलं तर गणेशोत्सव आणि शिवजयंती साजरी करणारं तरुणांचं मंडळ! पायांनी अधू असलेले कवी गोविंद, म्हणजे आबा दरेकर, याच गल्लीतले. 1904 मध्ये याच मेळ्याची 'अभिनव भारत' झाली.

सावरकर 1906 मध्ये लंडनला गेले. जून 1909 मध्ये राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल बाबारावांना जन्मठेप झाली. त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी होतं, असा सरकारचा आरोप होता. डिसेंबर 1910 मध्ये सावरकरांनाही जन्मठेप झाली आणि सोबत मालमत्ता जप्तीचा हुकूमही निघाला.

पुढचे दयाअर्ज, हिंदू महासभेचं अध्यक्षपद, गांधीहत्या खटला आणि त्यातून झालेली निर्दोष सुटका यांवर आजही कडाक्याचे वाद होतात. या धामधुमीत मागे राहतात त्या येसूवहिनी. त्यांनी नाशिकमध्ये स्त्रियांची 'आत्मनिष्ठ युवती संघ' ही संघटना उभारली. अंदमानला जाऊन नवऱ्याला भेटण्यासाठी त्या सरकारकडे अर्ज करत राहिल्या, पण 1919 मध्ये भेटीविनाच गेल्या. बाबाराव सुटले 1922 मध्ये.

तिळभांडेश्वर गल्लीत आज 'अभिनव भारत मंदिर' आहे. भगूरला जाणाऱ्यांपैकी फार थोडे जण तिथे वळतात.