कालचक्राचे फेरे आणि आपला जिल्हा

इतिहासाची पुनरावृत्ती होते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाकावर पोट भरलेल्या आम्हां कुंभारांस हे म्हणणे चटकन पटते. तथापि ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख असून, येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. पुढे ते वैभव लोपले. तेथील मृण्मय मूर्ती मात्र लामतुरे वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतात; आणि त्याच गावी संत गोरोबाकाका झाले.

राजसत्ताही अशाच फिरल्या. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. १८६० साली तो त्याला परत मिळाला. १९४८ साली निजामी संपली आणि १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो.

सर्वांत कठोर फेरा दुष्काळाचा. १६३०–३२ च्या दुष्काळात दख्खन उजाड झाली. त्याच सुमारास मोगल सरदार आझमखान याने परंड्यास वेढा घातला. दाणावैरणीच्या अभावी त्याला तो उठवावा लागला. जेथे फौजेची ही गत, तेथे रयतेस कोण विचारतो? १९७२ साली पाऊस पुन्हा रुसला. परंतु या वेळी दुष्काळी कामे निघाली, सुकडी वाटली गेली, आणि माणसे खडी फोडून का होईना, जगली. आभाळ तेच होते. बदलली होती ती समाजाची व्यवस्था.

म्हणून आम्हांस वाटते की संकटे फिरून येतात, परंतु त्यांचा परिणाम ठरलेला नसतो. २०२५ च्या सप्टेंबरात याच परंडा-भूम भागात अतिवृष्टीने पिके व जमिनी खरवडून नेल्या. मडक्यांची मागणी घटल्यापासून आपली कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांची मुले शाळेस मुकतात. हा फेरा दैवाचा नव्हे. अशा मुलांची गाववार यादी करून त्यांच्या राहण्याजेवणाची सोय ज्ञातिबांधवांनी गावातच करावी. चाक फिरणारच, त्यावरील मातीस आकार देणे हे आपल्या हातांचे काम आहे.